आंब्याला लागलेली हळद

परत येऊन आठवडा होत आला, तरी कुणी "कशी झाली सहल?" असं विचारलं की मी आधी घोटभर पाणी पिते आणि मग सांगायला बसते. सांगून झाल्यावर माणसं माझ्याकडे जरा संशयानेच बघतात. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं. गाणं ऐकायला गेले होते, तेही टीव्हीवरचं, आणि आले ती अजून हबकलेलीच आहे.

आशियातल्या देशांची म्हणून एक गाण्याची स्पर्धा असते. प्रत्येक देशाने एक गाणं पाठवायचं, निवडीच्या फेऱ्या झाल्या की शेवटी एका संध्याकाळी उरलेली गाणी एकामागून एक टीव्हीवर व्हायची आणि देशोदेशीच्या लोकांनी दुसऱ्यांच्या गाण्यांना मतं द्यायची. आपल्याच देशाला मत देता येत नाही, हे मला फार आवडलं. आपल्याकडच्या निवडणुकांतही असं करून बघायला हरकत नाही. तर यंदा भारताचं गाणं घेऊन हनोईला गेली होती दर्शना, कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याच्या वरच्या एका ठाकरवाडीतली, म्हणजे ठाकर आदिवासींच्या वस्तीतली मुलगी.

माझी डी.एड.ची मैत्रीण सुनंदा खोपोलीला शिळफाट्याजवळ राहते. दर्शना आश्रमशाळेत तिची विद्यार्थिनी होती. सुनंदाचा फोन आला, "शेवटची फेरी आम्ही वाडीतच बघणार आहोत. लग्नातलं गाणं आहे. तू जन्मभर मंगलाष्टकं म्हणत आलीस, तुला हे तिथे बसूनच ऐकायला हवं."

ती खरंच सांगत होती. मिरजेत माझ्या मंगलाष्टकांशिवाय लग्न लागलं तर मुलीकडच्यांना चुकल्यासारखं होतं, असं निदान मला तरी वाटतं. मी गाडीत बसले.

शिळफाटा

उतरल्या उतरल्या फ्लेक्स दिसला. "भारताची लेक, रायगडची शान." दर्शना हात जोडून एका कोपऱ्यात आणि तिच्याभोवती शुभेच्छुकांचे चेहरे, प्रत्येकाचा तिच्या दुप्पट. हनोईला नेमकं कोण चाललंय ते कळायला मला थोडा वेळ लागला.

सुनंदाने घरी न नेता थेट साजगावला नेलं. "आधी जेवू. कुंदाताईंच्या खानावळीत जेवल्याशिवाय तुला काही कळायचं नाही."

कुंदाताई साजगावच्या कारखान्यांतल्या कामगारांना जेवू घालतात. दर्शना गाण्यात पुढे येण्याआधी तिथेच एका कारखान्यात पॅकिंगला होती आणि दोन्ही वेळ यांच्याकडे जेवायची. खानावळीत शिरताच मला पहिलं नवल दिसलं. एका फळीवर स्टीलची ताटं आणि प्रत्येकावर नाव घातलेलं. भांड्यांवर नावं आपल्याकडेही असतात, पण ती लग्नात देणाऱ्यांची. इथे जेवणाऱ्याचं नाव. कामगार दारात आला की कुंदाताई त्याचं ताट काढतात, वाढतात आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात नाव घेऊन हाक मारतात. जो आला नाही त्याचं ताट पालथं राहतं. पालथ्या ताटात दुसऱ्याला वाढायचं नाही.

टोकाचं एक ताट पालथं होतं. "ह्ये माज्या पोरीचं," कुंदाताई म्हणाल्या. "दर्शनाचं. मुंबईला गेली तवापासून कुनाला हात लावू दिला नाय. उद्या वाडीवर न्यायचं हाय, तिच्या आजीला त्यातच वाढनार मी."

वालाचं बिरडं, तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि सुकटीची चटणी. भाकरी इतकी मऊ की घडी घालून पर्समध्ये ठेवावी. आमच्या ज्वारीच्या भाकरीला जरा तरी ताठा असतो. मी तीन खाल्ल्या.

जेवताना कुंदाताईंचं तोंड सुरूच होतं आणि त्यात "माजी पोरगी" किती वेळा आलं याला गणती नाही. पोरगी माझ्या हातचं खाऊन शिकली, पोरगी माझ्या खानावळीत भांडी घासताना गायची, पोरीचा आवाज मीच पहिला ओळखला. मग विषय त्यांच्या मुलाकडे वळला. रोशन, त्याच साजगावच्या कारखान्यात मशीनवर. तो तिथेच पाण्याचे जग भरत होता.

"याची सुपारी फोडायची हाय पुढच्या आठवड्यात," त्या म्हणाल्या. "खालापूरकडची पोरगी हाय, आपल्यातलीच. दर्शनालाबी फोनवर सांगितलं मी, कुटंबी असलीस तरी सुपारीला यायचं हां. काय बोलली नाय. रेंज गेली आसंल."

रोशनने जग इतका भरला की पाणी टेबलावर सांडलं. आईने त्याला दोन शब्द सुनावले. मी भाकरीत गुंतले होते. तेव्हा मला काही म्हणजे काही कळलं नाही.

कशेळे

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनने जीप आणली. त्यात मोठा टीव्ही गोधडीत गुंडाळून आडवा घातलेला, शेजारी कुंदाताईंचे भाताचे आणि बिरड्याचे टोप, ताटांची चवड आणि उरलेल्या जागेत आम्ही तिघी. कर्जतपर्यंत बरं चाललं. कशेळ्याच्या बाजारात सुनंदाने केळी घेतली. पुढचा रस्ता वर चढायला लागला तसा टीव्ही घसरत घसरत माझ्या मांडीवर आला आणि वाडीपर्यंत तो तसाच राहिला. नातवंडालासुद्धा मी इतका वेळ मांडीवर घेतलेलं नाही.

वाडी म्हणजे उतारावरची कुडाची आणि विटांची मिळून पंचवीसेक घरं. समोर खोल दरी आणि दरीपलीकडे पश्चिमेला माथेरानचा डोंगर आडवा. वाडीत मोबाईलची रेंज एकाच ठिकाणी येते, अंगणापलीकडच्या जुन्या आंब्याखाली. टीव्हीला रोशनच्या मोबाईलवरून इंटरनेट द्यायचं असल्यामुळे टीव्हीही तिथेच ठेवायचा होता, आणि उन्हात तो दिसला नसता, म्हणून वाडीतल्या माणसांनी आदल्या दिवशी तिथे मांडव घातला होता. बांबूचे खांब, वर ताडपत्री आणि सवयीने पुढे आंब्याच्या डहाळ्याही बांधलेल्या. मांडव नुसता सावलीसाठी होता, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मी मात्र आंब्याकडे बघत राहिले. त्याचं खोड माणसाच्या उंचीपर्यंत पिवळंधमक होतं.

"हळद," दर्शनाची आजी म्हणाली. तिचं नाव बुधीआजी. ती वाडीची धवळेरी, म्हणजे धवळे, लग्नातली गाणी, म्हणणारी. या वाडीत लग्नाला भटजी नसतो. धवळेरी गाते आणि गाण्यात नवरा-नवरीची नावं घालते. नावं घातली की लग्न लागलं. अक्षता, सप्तपदी, सगळं त्या गाण्यातच.

"मग शिकवताना काय करायचं?" मी विचारलं. नाही म्हटलं तरी मी त्याच धंद्यातली.

"शिकवताना झाडांची नावं घालायची. आंबा नवरा, करवंदी नवरी. मान्साचं नाव नाय घ्यायचं. घेतलं तर लगीन लागतं, मग मोडत नाय."

दर्शनाने भारताचं गाणं म्हणून नेलं ते हेच. मुंबईच्या संगीतकाराने त्याला ढोल आणि काय काय जोडलं, पण शब्द आजीचे, झाडांच्या नावांचे. आणि ज्या ज्या फेरीत दर्शना टीव्हीवर हे गायली, त्या त्या वेळी बुधीआजीने वाटीत हळद कालवली आणि जाऊन आंब्याला लावली. "गायलं म्हनजे लागलं. नवरदेवाला हळद नको व्हय?"

मी हसले. सुनंदाही हसली. खडकाजवळच्या करवंदीच्या जाळीलाही हळद होती म्हणे, पण उघड्यावरची म्हणून पावसाने धुतली. बुधीआजी मात्र हसली नाही. तिने मला दोन ओळी म्हणून दाखवल्या:

"मांडवाच्या दारी गं, कोन उभा नवरा?
डोंगरीचा आंबा गं, मोहराचा तुरा."

आवाज जाड, जागोजागी चिरलेला, पण सूर असा नेमका की माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे मी माईकवर शार्दूलविक्रीडितात गळा ताणते तेव्हा पाहुणे पंगतीत जागा धरायला पळतात. मी गाऊन संपवलं काय आणि अर्ध्यावर खोकले काय, लग्न भटजीच लावतो. इथे गाणारीच्या तोंडात सगळं. हेवा वाटला, खोटं का सांगू.

"आणि नवऱ्याकडच्यांनी काय करायचं?" मी विचारलं.

"नवऱ्याच्या आयशीनं झेलायचं. म्हनजे पोरीचं नाव घेऊन तिला हाक मारायची. उन्हं डोंगराआड जायच्या आत. न्हाय मारली तर पोरगी अर्ध्या लग्नाची ऱ्हाते. तिला दुसरं लगीन नाय." टोप उतरवता उतरवता कुंदाताईही ऐकत होत्या. आजी पुढे म्हणाली, "माज्या धेनात तरी तसं कुनाचं झालं नाय. आयशी मारतातच हाक."

मांडवात

तिकडे संध्याकाळ, इकडे दुपार कललेली. सगळी वाडी मांडवात. कुंदाताई पहिल्या रांगेत, टोपांजवळ, ताटांची चवड शेजारी आणि चवडीवर दर्शनाचं ताट पालथं. रोशन आंब्याच्या खोडाला टेकून उभा, मोबाईल फांदीच्या बेचक्यात ठेवलेला आणि त्याचा एक हात त्याच्यावर. तो हलला की चित्र अडकायचं, त्यामुळे त्याला जागा सोडायची मुभा नव्हती. बुधीआजी हळदीची वाटी घेऊन बसली होती, आंब्यासाठी.

इतर देशांची गाणी सुरू झाली. कुणी आगीच्या मधोमध गात होतं, कुणी तारेला लटकून. वाडीतल्या बायका प्रामाणिकपणे विचारत होत्या की हे सगळं करताना गातंय कोण. एका गायकाच्या अंगात शर्टच नव्हता. "थंडी नाय वाटत त्याला?" कुंदाताई म्हणाल्या.

मग पडद्यावर तिरंगा आला आणि दर्शना. साधं हिरवं लुगडं, गुडघ्याच्या जरा खाली, वाडीच्या पद्धतीचं. मागे ढोल. कुंदाताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माजी पोरगी," त्या पुटपुटल्या.

पहिली ओळ झाली. मांडवाच्या दारी गं, कोन उभा नवरा. इथे आंबा यायचा. तिने डोळे मिटले आणि ढोल चालू असतानाच एक श्वास जास्त घेतला. मग गायली:

"साजगावचा रोशन गं, कुंदाईचा हिरा.
मांडवाच्या दारी गं, कोन उभी नवरी?
डोंगरीची दर्शना गं, बुधीची नात खरी."

मला आधी वाटलं, माझ्याच कानात काही बिघाड झालाय. सुनंदाने माझा दंड इतका घट्ट धरला की नखांच्या खुणा दोन दिवस राहिल्या. "शब्द बदलले," ती म्हणाली. "नोंदवलेले शब्द बदलायचे नसतात. बाद करतील तिला." मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. स्पर्धा मला आठवतच नव्हती.

हनोईतले लोक टाळ्या वाजवत होते. मांडवात सगळ्यांची तोंडं आंब्याला टेकलेल्या रोशनकडे वळली. लहान मुलांचीसुद्धा. दर्शनाने उरलेलं गाणं शेवटपर्यंत म्हटलं, वाकून नमस्कार केला आणि पडदा दुसऱ्या देशाकडे गेला.

बुधीआजी उठली. वाटी हातात. गेल्या सगळ्या फेऱ्यांसारखी ती सरळ आंब्याकडे चालत गेली. खोडाला हात टेकून क्षणभर उभी राहिली, आणि मग तिने पिवळी बोटं खोडाला न लावता रोशनच्या दोन्ही गालांवर ओढली.

मी लग्नात मुलगी पळालेली बघितली आहे, वरात चुकून दुसऱ्याच कार्यालयात शिरलेली बघितली आहे, पण हे मी बापजन्मात बघितलेलं नाही.

"ह्ये काय ओ?" कुंदाताई उभ्या राहिल्या. "पुसा ते. ओ आजी, पुसा. माज्या पोराची सुपारी हाय पुढच्या आठवड्यात."

"मला इचारलं नाय तिनं," बुधीआजी म्हणाली. "मला ठाव असतं तर मीच आडवी गेले असते. पन धवळा तिनं बरोबर म्हनला. कुठं चुकली नाय."

"टीव्हीवरचं गानं त्ये."

"गानं तेच हाय."

कुंदाताई मुलाकडे वळल्या. "तुला ठावं हुतं का रं?"

"नाय," रोशन म्हणाला. हळद त्याच्या हनुवटीवरून ओघळत होती आणि त्याचा हात अजून मोबाईलवरच होता. "असं करल ते नवतं ठावं."

"असं म्हंजे? काय ठावं हुतं मग?"

"ती तुज्याकडं जेवायला यायला लागली तवापासून. तू सुपारी आनलीस तवा तिला म्हनलं, आता काय बोलून उपेग नाय."

"आनि मला कोन सांगनार हुतं?"

"तू तिला पोरगी म्हनतीस गं आये. पोरगी म्हनतीस, पन सून कर म्हनलं असतं तर तू ताट फेकलं असतंस."

कुंदाताई खाली टोपांजवळ बसल्या आणि पाठ फिरवून दरीकडे बघत राहिल्या. टीव्हीवर कुठला तरी देश नाचत होता. कुणीतरी तो बंद केला.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"सगळ्या दुनियेसमोर, बाई," त्या म्हणाल्या. "माजं नाव घेऊन. कुंदाईचा हिरा म्हनं. आता माजी मान्सं काय म्हनतील? ठाकराची सून केली म्हनतील." मग पुन्हा, अगदी हळू, "मला इचारायला काय झालं हुतं तिला?"

"विचारलं असतं तर?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा तोंड दरीकडे केलं.

ऊन उतरत होतं. माथेरानच्या डोंगराची सावली दरी ओलांडून वाडीच्या खालच्या घरांपर्यंत आली. सगळी वाडी मांडवातच बसून होती आणि सगळ्या बायका कुंदाताईंच्या पाठीकडे बघत होत्या. बुधीआजी खांबाला टेकून बसली होती. तिने कुणाला विनवलं नाही. नातीचं उभं आयुष्य त्या पाठीवर टांगलेलं, आणि ती नुसती सूर्याकडे बघत होती. मनात आलं, जाऊन या बाईचे पाय धरावेत, पण आपण कोण लागतो?

सावली मांडवाच्या पहिल्या खांबाला लागली.

कुंदाताईंनी चवडीवरचं ताट उचललं. पालथं होतं ते पदराने पुसलं, सुलटं केलं आणि जमिनीवर ठेवलं. त्यात भात वाढला. भातावर बिरडं. कडेला सुकटीची चटणी, मीठ. त्यांचा चेहरा अजून रागाने लाल होता. मग त्या उठल्या, मांडवाच्या दारात गेल्या आणि खानावळीतल्या त्याच आवाजात, कशेळ्यापर्यंत ऐकू गेला असेल अशा आवाजात त्यांनी हाक मारली:

"दर्शनाऽऽ! ताट वाढलंय गं. ये जेवाया!"

बुधीआजीने डोळे मिटले. "झेललं," ती म्हणाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका उठल्या आणि ताटं मांडू लागल्या. दर्शनाच्या ताटातलं आजीने खाल्लं, कुंदाताईंनी ठरवलं होतं तसंच. आयुष्यभर "शुभमंगल सावधान" म्हणत आले, पण सावधान म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

उतरताना

अंधार पडायच्या आत जीप निघाली. टीव्ही वाडीतच ठेवला होता, त्यामुळे माझी मांडी मोकळी होती. रोशनने तोंड धुतलेलं नव्हतं आणि धू म्हणून त्याला कुणी सांगितलंही नाही. कुंदाताई पुढे बसल्या होत्या. मांडीवर दर्शनाचं ताट, घासून आणलेलं. कशेळ्यापर्यंत त्या एकच वाक्य बोलल्या, "सुपारी फुटली नाय अजून, तेवढं बरं. उद्या जाऊन मीच हात जोडते."

कशेळ्यात रेंज आली आणि सुनंदाचा फोन टणटण वाजायला लागला. तिने वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. भारताचं गाणं बाद. नोंदवलेले शब्द बदलल्यामुळे. खाली लोकांनी दर्शनाला जे जे म्हटलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. देशाचं नाक कापलं, हे त्यातलं सगळ्यात सभ्य.

"काय झालं?" कुंदाताईंनी मागे न वळता विचारलं.

सुनंदाने सांगितलं.

"बाद?" त्या गर्रकन वळल्या. "कुनाला बाद? माज्या सुनेला?"

सुनंदाने मला हळूच चिमटा काढला. त्यांचं त्यांनाही कळलं असावं, कारण त्या पुन्हा समोर बघायला लागल्या. तेवढ्यात रोशनचा फोन वाजला. त्याने जीप कडेला घेतली, नाव बघितलं आणि फोन कानाला न लावता आईपुढे धरला.

कुंदाताईंनी तो घेतला. पलीकडून कुणीतरी रडत होतं, एवढं मला मागे बसून ऐकू येत होतं.

"रडतीस कशाला?" त्या म्हणाल्या. "गप. आदी सांग, जेवलीस का?" त्यांनी ऐकून घेतलं. "मंग आदी जेव. बाद-बीद मागनं बघू. आनि ऐक, हितं तुजं ताट मी सुलटं ठेवलंय."